‘एक घर, एक कुटुंब’ : दुय्यम निवासाच्या नियमांतील व्याख्यांचा विचार

प्रस्थापित निवासी वस्तीतील एखाद्या घराच्या परसात, मोटारखान्यात किंवा तळघरात आणखी एक लहान स्वतंत्र घर करू द्यावे की न द्यावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी नगररचनाकाराचा व अभियंत्याचा वाटतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावयाचे कारण काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्या प्रश्नावर गेली शंभर वर्षे जो वाद चालला आहे, त्याचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, त्यातील बहुतेक निर्णय ‘कुटुंब’, ‘निवास’, ‘अनुषंगी’ आणि ‘स्वरूप’ अशा साध्या शब्दांच्या व्याख्यांवर अवलंबून राहिले. व्याख्या बदलली की घर कायदेशीर ठरते, अथवा बेकायदा ठरते; भिंती मात्र त्याच असतात. ह्या दृष्टीने, मुख्यतः कॅलिफोर्निया राज्याच्या अनुभवाच्या आधारे, ह्या नियमांची घडण समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. क्षेत्रविभागणी आणि ‘एककुटुंबी’ वस्ती

आपल्याकडील शहरांत बांधकामाचे नियंत्रण मुख्यतः चटईक्षेत्राच्या मापाने होते. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधावे हे ठरते. त्या बांधकामात किती बिऱ्हाडे राहतील ह्यावर सहसा तितका कटाक्ष नसतो. अमेरिकेत झोनिंग ह्या नावाने जी क्षेत्रविभागणी रूढ झाली तिचा रोख वेगळा आहे. तेथे नगराच्या नकाशावर विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणता ‘वापर’ चालेल हे ठरविले जाते, आणि निवासी वापराचेही पुन्हा पोटविभाग पाडले जातात. त्यांतील सर्वांत वरच्या प्रतीचा मानला गेलेला विभाग म्हणजे एककुटुंबी निवासाचा विभाग होय. एका भूखंडावर एकच घर आणि त्या घरात एकच कुटुंब, हा त्याचा मूलभूत नियम.

१९१६ साली न्यूयॉर्क नगराने क्षेत्रविभागणीचा व्यापक ठराव केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एल्मवुड ह्या वस्तीसाठी केवळ एककुटुंबी घरांचा विभाग निर्माण झाला, आणि ह्या पद्धतीचे ते आद्य उदाहरण म्हणून सामान्यतः दाखविले जाते. पुढील वर्षी, म्हणजे १९१७ साली, वर्णभेदावर आधारलेली क्षेत्रविभागणी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्यूकॅनन विरुद्ध वॉर्ली ह्या खटल्यात अवैध ठरविली. तेव्हा कोणी कोठे राहावे हे वर्णाचे नाव घेऊन सांगणे नियमांना अशक्य झाले. घराचा प्रकार आणि भूखंडाचा आकार सांगणे मात्र शक्य राहिले. मोठ्या भूखंडावरील स्वतंत्र घर ज्याला परवडत नाही तो आपोआपच बाहेर राहतो, हे सांगण्यासाठी वेगळे कलम लिहावे लागत नाही.

१९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड ह्या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्षेत्रविभागणीला घटनात्मक मान्यता दिली. न्यायमूर्ती सदरलँड ह्यांनी लिहिलेल्या निर्णयपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या सदनिकांच्या इमारतीची तुलना परोपजीवी जीवाशी केली आहे. वस्तीच्या मोकळ्या जागेचा व आकर्षक परिसराचा ती लाभ उठविते आणि अखेर तो परिसरच नाहीसा करते, असा त्या तुलनेचा आशय आहे. हे रूपक न्यायालयीन निर्णयात आले असले तरी त्याचा प्रभाव न्यायालयापुरता राहिला नाही. दुय्यम निवासावरील आक्षेपांत ‘वस्तीच्या अंगावर वाढणारे काही तरी परके’ ही कल्पना पुढे अनेक वेळा डोकावते.

२. कुटुंब म्हणजे कोण?

‘एक घर, एक कुटुंब’ असा नियम केल्यावर कुटुंब कशाला म्हणावयाचे हे सांगणे क्रमप्राप्त होते. येथे शब्दकोशातील व्याख्या आणि नियमातील व्याख्या ह्यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोशकार शब्दाच्या रूढ अर्थाचे वर्णन करतो. ते चुकले तर पुढील आवृत्तीत सुधारता येते. नियमकर्ता व्याख्येच्या रूपाने आज्ञा करतो. ती रूढ अर्थाशी जुळली नाही तर शब्दाऐवजी माणसाला जागा सोडावी लागते.

ह्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्क राज्यातील बेल टेअर हे सुमारे ७०० वस्तीचे गाव. तेथील नियमानुसार रक्त, विवाह अथवा दत्तक ह्या नात्यांनी बांधलेली माणसे कितीही असली तरी ती कुटुंब ठरत. नाते नसलेली माणसे मात्र दोनच चालत. जवळच्या विद्यापीठातील सहा विद्यार्थ्यांनी तेथे एक घर भाड्याने घेतले तेव्हा वाद उत्पन्न झाला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निर्णय दिला.

दुसरे उदाहरण ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलंड ह्या नगराचे. तेथे एक आजी आपला एक मुलगा आणि दोन नातू ह्यांच्यासह राहत होती. दोघे नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नव्हते. ते तिच्या दोन निरनिराळ्या मुलांचे मुलगे, म्हणजे परस्परांचे चुलतभाऊ होते. त्यांपैकी एक आईच्या निधनानंतर आजीजवळ आलेला होता. नगराच्या व्याख्येनुसार कुटुंबप्रमुखाच्या एकाच मुलाचा संसार त्या घरात सामावत होता. त्यामुळे दुसऱ्या मुलाचा मुलगा ‘बेकायदा रहिवासी’ ठरला. आजीला पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड अशी शिक्षा झाली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूर विरुद्ध ईस्ट क्लीव्हलंड ह्या खटल्यात ही व्याख्या अवैध ठरविली. परंतु तीही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. मराठीभाषकाच्या दृष्टीने ह्या खटल्याचे नवल विशेष आहे. आपल्या बोलण्यात चुलतभावाला नुसते ‘भाऊ’ म्हणून संबोधण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. एका घरात वाढलेल्या चुलतभावांना तर नाहीच नाही. ज्या नात्याला रूढ भाषा एका शब्दात सामावून घेते, ते नाते नियमाच्या भाषेने दोन भागांत चिरले, आणि त्या चिरेच्या पलीकडे एक मूल पडले.

कॅलिफोर्नियात १९८० साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांता बार्बरा नगराच्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकले. नाते नसलेल्या पाचांहून अधिक व्यक्तींना एकत्र राहण्यास मनाई करणारी व्याख्या राज्यघटनेतील खाजगीपणाच्या हक्काशी विसंगत आहे, असा तो निर्णय होता. ह्यानंतर त्या राज्यात ‘कुटुंब’ ह्या शब्दाची व्याख्या करून वस्तीचे नियंत्रण करणे कठीण झाले. नियंत्रणाचा भार ‘निवास’ ह्या दुसऱ्या शब्दावर उरला.

३. चूल आणि उंबरा

निवास म्हणजे काय? अमेरिकेतील बांधकाम-नियमांत ह्याचे उत्तर सामान्यतः असे दिलेले असते की, जेथे राहणे, झोपणे, खाणे, स्वयंपाक करणे व स्वच्छतागृह ह्यांची कायम स्वरूपाची स्वतंत्र सोय आहे तो एक निवास-घटक होय. ह्या पाच गोष्टींपैकी व्यवहारात निर्णायक ठरते ती स्वयंपाकाची सोय. परसातील खोलीत पलंग असला, मेज असले, न्हाणीघर असले, तरी ती पाहुण्यांची खोली म्हणून मुख्य घराचाच भाग समजली जाऊ शकते. परंतु तेथे शेगडी आली की ते दुसरे घर झाले, आणि एककुटुंबी विभागात दुसऱ्या घराला जागा नाही. ह्यामुळे अनेक नगरांच्या नियमांत ‘स्वयंपाकघर नसलेली’ अशी स्पष्ट अट घालून पाहुण्यांच्या निवासाला अनुमती दिलेली आढळते. वस्तीची घनता, रहदारी, सांडपाणी अशा मोठ्या प्रश्नांचा निर्णय अशा रीतीने एका शेगडीवर येऊन ठेपतो.

ही कसोटी आपणांस परकी वाटावयास नको. ‘वेगळी चूल मांडणे’ म्हणजे वेगळे कुटुंब होणे, हे मराठीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. घरातील सर्वांना जेवावयास बोलाविणे म्हणजे ‘चूलबंद आमंत्रण’. भारताच्या जनगणनेतही कुटुंब-घटकाची व्याख्या एकत्र राहून सामाईक स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांचा समूह अशीच केलेली असते. परंतु मराठीत घरे मोजण्याचे दुसरेही एक माप आहे. अमुक गाव ‘शंभर उंबऱ्यांचे’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा चूल न मोजता दार मोजतो. चूल आणि उंबरा ही दोन मापे नेहमी जुळतातच असे नाही. एका उंबऱ्याच्या आत दोन चुली असू शकतात, आणि दोन उंबऱ्यांची चूल एक असू शकते. जेथे मापे जुळत नाहीत तेथेच दुय्यम निवासाचा प्रश्न उद्भवतो.

कॅलिफोर्नियाने २०१६ साली ‘कनिष्ठ’ अनुषंगी निवास नावाचा जो प्रकार मान्य केला, तो ह्या दोन मापांमधील तडजोड म्हणून पाहता येईल. मुख्य घराच्या भिंतींच्या आत, ५०० चौरस फुटांपर्यंतचा हा निवास. त्याला स्वतंत्र दार हवे, लहानसे स्वयंपाकघर हवे. न्हाणीघर मात्र मुख्य घराशी सामाईक असले तरी चालते. म्हणजे उंबरा वेगळा, चूलही वेगळी, परंतु छप्पर एकच.

४. ‘दुसरे’ आणि ‘अनुषंगी’

दुय्यम निवासाच्या नावांकडे पाहिले असता त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट नात्याचा. ऑस्ट्रेलियात त्यास ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे आजीचे घर म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत इन-लॉ युनिट, म्हणजे सासू-सासऱ्यांचे घर. हवाई बेटांत १९८१ च्या कायद्यानंतर ह्या निवासाला ‘ओहाना’ हा कुटुंबवाचक स्थानिक शब्द रूढ झाला, आणि पुढे होनोलुलूच्या नियमांत तर अशा निवासात नातेवाइकांनीच राहावे अशी अट आली. दुसरा गट स्थळाचा : कॅनडातील व्हँकूव्हर नगराने २००९ साली मान्यता दिलेले लेनवे हाऊस, म्हणजे मागच्या बोळाकडील घर, हे त्याचे उदाहरण. तिसरा गट कायद्याच्या परिभाषेचा. नात्याच्या नावांत एक सौम्य युक्तिवाद दडलेला आहे : येथे येणारी व्यक्ती परकी नसून घरचीच आहे, असे ती शेजाऱ्यास सांगतात. परंतु आजी कायम राहत नाही आणि घर राहते. पुढे तेथे भाडेकरू आला की नाव आणि वस्तुस्थिती ह्यांची फारकत होते.

कॅलिफोर्नियाच्या १९८२ च्या कायद्याने ह्या निवासाला ‘सेकंड युनिट’, म्हणजे दुसरे घर म्हटले होते. २०१६ मध्ये संमत होऊन जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तेथे ‘ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट’ ही संज्ञा घातली. हा केवळ नामबदल नव्हे. ‘दुसरे’ हा क्रमवाचक शब्द आहे. जे दुसरे आहे ते मोजले जाते, आणि एकाची मर्यादा असलेल्या विभागात ते मर्यादेबाहेर पडते. ‘ॲक्सेसरी’ हा शब्द क्षेत्रविभागणीच्या परिभाषेत जुना असून मुख्य वापराला जोडून येणारे व त्याच्या अधीन असलेले, असा त्याचा अर्थ आहे. मोटारखाना, अवजारांची खोली, तरणतलाव ही सारी अनुषंगी होत, आणि अनुषंगी वस्तू स्वतंत्रपणे मोजली जात नाही. कायद्यात तशी तरतूदच आहे : नियमानुसार बांधलेला असा निवास भूखंडाच्या अनुज्ञेय घनतेत जास्तीचा धरला जाणार नाही. नकाशावर विभागाचे नाव ‘एककुटुंबी’ असेच राहिले, आणि प्रत्यक्षात दोन चुली पेटल्या.

येथे मराठी परिभाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘दुय्यम निवास’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. परंतु फारसीतून आलेल्या ‘दुय्यम’ शब्दात ‘क्रमाने दुसरा’ आणि ‘पदाने खालचा’ असे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. ‘दुय्यम निबंधक’ म्हणताना दुसरा अर्थ प्रधान असतो. ज्या भेदावर कॅलिफोर्नियाची सुधारणा उभी आहे, नेमका तोच भेद हा शब्द झाकून टाकतो. ‘पोटभाडेकरू’, ‘पोटकलम’ ह्यांच्या धर्तीवर ‘पोटघर’ असा शब्द करता येईल, आणि तो अस्सल मराठी वळणाचाही होईल. परंतु मुख्य वस्तूच्या पोटात असल्याचा त्याचा ध्वनी परसातील सुट्या घराला लागू पडत नाही. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘सेकंड युनिट’साठी ‘दुसरे घर’ आणि ‘ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट’साठी ‘अनुषंगी निवास’ असे दोन स्वतंत्र पर्याय ठेवणे इष्ट वाटते.

५. ‘वस्तीचे स्वरूप’ आणि मोजता येणारे शब्द

१९८२ च्या कायद्याने नगरांना दुसऱ्या घरांसाठी स्वतःचे नियम करण्याची मुभा दिली. अनेक नगरांनी नियम केले. परंतु प्रत्येक अर्जासाठी सशर्त परवान्याची, जाहीर सुनावणीची व शेजाऱ्यांस नोटीस देण्याची अट ठेवली. सुनावणीत विचारावयाचा प्रश्न असा असे की, प्रस्तावित घर वस्तीच्या स्वरूपाशी सुसंगत आहे काय? ‘स्वरूप’ आणि ‘सुसंगत’ हे दोन्ही शब्द असे आहेत की, त्यांचे खरेखोटेपण कोणत्याही बाह्य मापाने पडताळता येत नाही. विरोध करणारा प्रामाणिक असो वा नसो, त्याचे विधान खोडून काढणे अर्जदारास अशक्य असते.

२००२ साली संमत झालेल्या कायद्याने जुलै २००३ पासून ही सुनावणी बंद केली. ठरलेल्या अटींत बसणारा अर्ज अधिकाऱ्याने मंजूर केलाच पाहिजे, त्यात स्वतःचे तारतम्य वापरू नये, असे ठरले. मराठी विधिलेखनात ह्या दोन अवस्थांतील भेद क्रियापदाच्या रूपाने दाखविला जातो : ‘मंजूर करता येईल’ आणि ‘मंजूर करील’. पहिल्यात अधिकार आहे, दुसऱ्यात कर्तव्य आहे. तथापि एवढ्याने कार्यभाग झाला नाही. अनेक नगरांनी मोजता येणाऱ्या शब्दांतच न पेलणाऱ्या अटी घातल्या : भूखंड अमुक इतका मोठा हवा, अंगणात मोटारीसाठी जादा जागा हवी, मालकाने तेथेच राहावयास हवे. म्हणजे नियमाला ‘कडक’ न म्हणता केवळ आकडा वाढविला की तेच साध्य होत होते.

म्हणून २०१६ आणि २०१९ च्या कायद्यांनी आकडेच राज्याच्या पातळीवर बांधले. जानेवारी २०२० पासून भूखंडाच्या किमान आकाराची अट घालण्यास नगरांना मनाई झाली. ८०० चौरस फूट क्षेत्राचा, १६ फूट उंचीचा आणि मागे व बाजूंना प्रत्येकी चार फूट सामासिक अंतर सोडलेला निवास नाकारता येणार नाही, असे ठरले. सार्वजनिक वाहतुकीपासून पायी अर्ध्या मैलाच्या आतील निवासासाठी मोटारीच्या जागेची अट उरली नाही, आणि मोटारखान्याचे घर केल्यास त्याच्या बदली जागा मागता येईनाशी झाली. ७५० चौरस फुटांहून लहान निवासावर विकासाचे प्रभाव-शुल्क माफ झाले. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन आले. मालकाने तेथेच राहण्याची अट प्रथम काही वर्षांपुरती आणि २०२३ च्या कायद्याने अनुषंगी निवासांच्या बाबतीत कायमची रद्द झाली. ‘वस्तुनिष्ठ निकष’ म्हणजे ज्यात अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मताला वाव नाही आणि जो बाह्य मापाने सर्वांना सारखाच पडताळता येतो असा निकष, ही व्याख्याही कायद्यानेच दिली. परिणाम लवकरच दिसला. एकट्या लॉस एंजेलिस नगरात, जेथे पूर्वी असे परवाने क्वचित निघत, तेथे ते दरवर्षी हजारोंनी निघू लागले. ज्या बर्कलीत ही एककुटुंबी पद्धत आरंभी रुजली, त्या नगराच्या परिषदेनेही २०२१ साली ती संपविण्याचा ठराव केला.

६. लाभ आणि हानी

ह्यावरून मोजता येणारे शब्द नेहमी न्याय्य आणि न मोजता येणारे नेहमी अन्याय्य, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. जुन्या रहिवाशांच्या आक्षेपांत तथ्य नसतेच असे नाही. अरुंद रस्त्यावर मोटारी वाढतात, जुन्या मलवाहिन्यांवर भार पडतो, शेजारच्या खिडकीतून आपले अंगण दिसू लागते. चार फुटांचे अंतर पुरेसे आहे की नाही, हे उतारावरील आणि सपाट जागेवरील घराला सारखेच लागू पडत नाही. सुनावणी बंद झाली तेव्हा अडवणुकीचे साधन गेले, त्याचबरोबर शेजाऱ्याला आपल्या शब्दांत गाऱ्हाणे मांडण्याचे ठिकाणही गेले. राज्याने हा व्यवहार जाणूनबुजून पत्करला आहे. तो विनामूल्य झालेला नाही.

शिवाय व्याख्येने घर कायदेशीर होते, स्वस्त होत नाही. परसात घर बांधण्यास भांडवल लागते, आणि ते बहुधा ज्यांच्याकडे आधीच घर आहे त्यांनाच उभारता येते. ‘अनुषंगी’ ह्या शब्दाचा आधारही आता डळमळू लागला आहे. २०२३ च्या दुसऱ्या एका कायद्याने, ज्या नगरांची इच्छा असेल तेथे, असा निवास मुख्य घरापासून वेगळा करून विकण्याची वाट मोकळी केली. ज्याचा मालक वेगळा, ज्याची चूल वेगळी आणि ज्याचा उंबराही वेगळा, ते घर कोणत्या अर्थाने अनुषंगी म्हणावयाचे, ह्याचे उत्तर कायद्याला आज ना उद्या द्यावे लागेल.

मराठीतून नियमांचे लेखन व भाषांतर करणाऱ्यांना ह्या इतिहासातून एक व्यावहारिक सूचना घेता येईल. कोणत्याही नियमाच्या आरंभी येणारे व्याख्यांचे कलम हे औपचारिक प्रास्ताविक समजून घाईने ओलांडले जाते. चर्चा होते ती पुढील कलमांची. वस्तुतः पुढील कलमे कोणाला लागू होणार, हे त्याच कलमात ठरलेले असते. म्हणून पारिभाषिक शब्द निवडताना तो मूळ शब्दाशी किती जुळतो एवढेच पाहून पुरत नाही. त्या शब्दाच्या कक्षेबाहेर कोणती माणसे राहतात, हेही प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे. ईस्ट क्लीव्हलंडच्या व्याख्येत भाषेची चूक एकही नव्हती. चूक तेथे राहणाऱ्या एका मुलाच्या लक्षात आली असती, कारण तो त्या व्याख्येच्या बाहेर पडला होता.